जुन्या वाचनांतून नवे आकडे

जुन्या घरांतून रोजकीर्दीच्या वह्या पुष्कळदां सांपडतात. आजोबांनीं त्या लिहिल्या त्या केवळ जमाखर्च जुळावा म्हणून. तूप किती आलें, धोब्यास काय दिलें, गाडीभाडें किती पडलें, एवढेंच त्यांत असतें. पन्नास वर्षांनीं नातू ती वही उघडतो आणि तुपाच्या दरावरून महागाईचें मान काढतो, किंवा श्रावणांतील तांदुळाच्या खर्चावरून त्या सालीं पंगतीस किती पानें होत असावींत याचा अदमास बांधतो. हे आकडे आजोबांनीं कोठेंही लिहिलेले नसतात. तरी एका अर्थीं ते वहींत असतातच. ते बाहेर काढावयास मूळ नोंद जशीच्या तशी शिल्लक राहिलेली असावी लागते, आणि तिच्यावर कोणती क्रिया करावयाची याचा ठराविक नियम हातीं असावा लागतो.

शास्त्रीय उपकरणांच्या नोंदींचीही गोष्ट अशीच आहे. हवेंतील दमटपणा काढण्याची जुनी रीत पाहा. दोन तापमापक शेजारीं शेजारीं टांगावयाचे, एकाच्या फुग्यास ओलें फडकें गुंडाळावयाचें, आणि दोहोंच्या वाचनांतील अंतर घेऊन कोष्टकांत पाहावयाचें. दमटपणा यांपैकीं कोणत्याही तापमापकावर लिहिलेला नसतो. तो नियमानें काढावा लागतो. पूर्वीं हा नियम कारकुनाच्या डोक्यांत व कोष्टकाच्या पानांत असे. हल्लीं तो संगणकाच्या आज्ञावलींत असतो, आणि हजारों संवेदकांच्या वाचनांवर ती आज्ञावली चालवून कोणत्याही यंत्रानें न मोजलेले आकडे एका क्षणांत काढतां येतात. या सोयीचें कौतुक करावयास येथें आम्ही बसलों नाहीं. असा काढलेला आकडा खरा म्हणजे कितपत खरा, हा आमचा प्रश्न आहे. त्याचें एक उत्तम उदाहरण मुंबईंतच, कुलाब्याच्या वेधशाळेंत, घडलेलें आहे. तेथें १८५९ सालीं एका सकाळीं घेतलेल्या थोड्याशा वाचनांतून २००३ सालीं एक आकडा पुढें आला. २००६ सालीं त्याच वाचनांतून दुसरा निघाला. आणि हा दुसरा पहिल्याच्या जवळजवळ निम्मा होता. लबाडी कोणींच केली नव्हती, गणितांतही चूक नव्हती.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं उभारली, ती तारे पाहण्यासाठीं व बंदरांतील जहाजांस अचूक वेळ कळावी म्हणून. पुढें जर्मनींत गॉस व वेबर यांनीं पृथ्वीचें चुंबकत्व निरनिराळ्या देशांत एकाच वेळीं मोजण्याची टूम काढली, तिचें लोण इंग्रजांच्या वसाहतींत पोंचलें, आणि १८४१ पासून कुलाब्यास चुंबकीय वेध घेण्यास आरंभ झाला. हें काम एल्फिन्स्टन संस्थेंतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे होतें. त्यांच्या गैरहजेरींत कांहीं काळ वेधशाळेचा कारभार ज्यांनीं पाहिला, ते बाळशास्त्री जांभेकर आपणां सर्वांस ‘दर्पण’कार म्हणून ठाऊक आहेत. मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारा पुरुष लोहचुंबकाच्या सुईवरही लक्ष ठेवून होता, ही गोष्ट आपल्या चरित्रकारांनीं जितकी आवर्जून सांगावयास पाहिजे तितकी सांगितली नाहीं असें आम्हांस वाटतें. त्याच वेधशाळेंत, मिसरूड फुटण्याच्या वयांत, केरो लक्ष्मण छत्रे साहाय्यक म्हणून लागले. वेध घेणें व त्यांचें गणित करणें यांत त्यांचीं उमेदवारीचीं वर्षें गेलीं, आणि १८६० सालीं त्यांचीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध झालीं.

नियमानें आकडा काढणें ही विद्या आपल्या लोकांस कांहीं साहेबानें शिकविली नव्हती. पंचांग म्हणजे दुसरें काय आहे? गणेश दैवज्ञांनीं १५२० सालीं कोंकणांतील नांदगांवीं ‘ग्रहलाघव’ रचिलें, तें ज्या पद्धतीचें आहे तिला करणग्रंथ म्हणतात. इतके दिवस घ्या, अमक्यानें गुणा, तमक्यानें भागा, आणि ग्रह कोठें आहे तें पाहा. ज्या ज्योतिष्यास त्यामागील उपपत्ति ठाऊक नाहीं त्यालाही उत्तर मिळतें. आजच्या आज्ञावलीचें स्वरूप याहून निराळें नाहीं. मात्र गणेश दैवज्ञांचा मोठेपणा गुणाकार सोपे करण्यापुरता नाहीं. त्यांनीं स्वतः वेध घेतले, कोणता ग्रह कोणत्या जुन्या ग्रंथाच्या गणिताशीं जुळतो तें पाहिलें, आणि त्याप्रमाणें नियम निवडले. नियमाची परीक्षा वेधानें करावयाची असते, हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. पुढें तीनशें वर्षें कित्येक पंचांगकर्ते नुसते गुणाकार करीत राहिले आणि ग्रह आकाशांत भलतीकडे जाऊं लागले, हा दोष ‘ग्रहलाघवा’चा नव्हे.

आतां कुलाब्याचें उपकरण कसें होतें तें पाहूं. पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा जो भाग जमिनीस समांतर असतो त्यास क्षितिजसमांतर बल म्हणतात. तें मोजण्यासाठीं एक लोहचुंबक दोन बारीक तारांनीं टांगून, तारांस पीळ देऊन, त्याच्या स्वाभाविक उत्तरदक्षिण दिशेस आडवा धरून ठेवलेला असे. पृथ्वीचें बल त्याला एकीकडे ओढी, तारांचा पीळ दुसरीकडे. बल किंचित् कमी झालें कीं चुंबक केंसभर वळे. हें केंसभर वळणें डोळ्यांस दिसावें म्हणून चुंबकास एक आरसा जोडीत, समोर कांहीं अंतरावर आंकलेली पट्टी व दुर्बीण ठेवीत, आणि निरीक्षक दुर्बिणींतून आरशांत पडलेल्या पट्टीचा आकडा वाची. कमरेस किल्ल्यांचा जुडगा असला तरी वाचन बिघडावयाचें, इतकें हें काम नाजूक.

वाचलेला आकडा म्हणजे नुसता पट्टीचा भाग. तो बल नव्हे. चुंबक तापला कीं त्याची शक्ति घटते, म्हणून पेटींतील तापमापक पाहून उष्णतेचा संस्कार द्यावयाचा. पट्टीचा एक भाग म्हणजे बलाचा कितवा हिस्सा, हें वेगळ्या प्रयोगानें ठरवून त्यानें गुणावयाचें. तेव्हां कोठें बलांतील फरक निघे. ‘संस्कार’ हा शब्द आपल्या ज्योतिष्यांनीं अशाच दुरुस्तीसाठीं वापरलेला आहे, आणि आम्हांस तो फार समर्पक वाटतो. संस्कार न झालेला आकडा उपयोगाचा नाहीं, आणि भलता संस्कार झालेला आकडा उपयोगाचा नाहींच, शिवाय घातक. वेधशाळेचा परिपाठ असा होता कीं एरवीं दर तासास एक वाचन घ्यावें, आणि सुई अस्वस्थ दिसूं लागली कीं पंधरा पंधरा, किंवा पांच पांच मिनिटांनीं घ्यावें. या साध्या परिपाठाचें महत्त्व पुढें दिसून येईल.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रेडहिल येथें रिचर्ड कॅरिंग्टन हा दुर्बिणींतून सूर्याचें बिंब पडद्यावर घेऊन डागांचें चित्र काढीत होता. सकाळीं ११ वाजून १८ मिनिटांनीं डागांच्या एका मोठ्या समूहावर त्यास एकाएकीं दोन झगझगीत ठिपके दिसले, आणि पांचेक मिनिटांत ते मावळले. रिचर्ड हॉजसन यानेंही हा प्रकार स्वतंत्रपणें पाहिला. सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीचें चुंबकत्व खवळलें. क्यूबा व हवाई बेटांपर्यंत आकाशांत ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेंत बोस्टन व पोर्टलंड यांमधील तारायंत्र, बॅटऱ्या काढून टाकून, तारेंत आपोआप उत्पन्न झालेल्या प्रवाहावर कांहीं वेळ चालविलें गेलें. युरोपांतील कांहीं वेधशाळांत तोंवर फोटोग्राफीचीं स्वयंलेखक यंत्रें बसविलीं होतीं. लंडनजवळील क्यू येथील वेधशाळेंत त्या दिवशीं प्रकाशाची रेघ कागदाची हद्द सोडून बाहेर गेली, आणि वादळाचा ऐन भर कागदावर उमटलाच नाहीं. कुलाब्यास असें यंत्र १८७२ पर्यंत आलें नव्हतें. तेथें दुर्बिणीशीं माणूस बसला होता.

२ सप्टेंबरच्या सकाळीं मुंबईंत माध्यान्हीच्या आधींच्या दीडएक तासांत क्षितिजसमांतर बल एकदम खालीं आलें, आणि जितक्या वेगानें खालीं आलें जवळजवळ तितक्याच वेगानें पुष्कळसें वर गेलें. एरवींचें बल आजच्या मापानें सुमारें ३७,००० नॅनोटेस्ला. त्यांतून सुमारें १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे शेंकडा चारांहून अधिक, घट झाली. शेंकडा चार ऐकावयास क्षुल्लक वाटेल. परंतु रोजच्या नेहमींच्या चढउतारांत हें बल शेंकडा एकाच्या कांहीं भागाइतकेंच हलतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या सकाळीं दुर्बिणीशीं बसलेल्या माणसास काय वाटलें असेल याची कल्पना करावी. आकडे पट्टीवरून पळत असतां तो पांच पांच मिनिटांनीं ते लिहीत राहिला. १८५९ चा वार्षिक ग्रंथ पुढच्या सालीं हिंदी आरमारांतील लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्या देखरेखीखालीं छापून निघाला, त्यांत हीं वाचनें रकान्या-रकान्यांनीं दिलेलीं आहेत. तीं विजोड दिसतात म्हणून कोणीं गाळलीं नाहींत, कीं तासाच्या सरासरींत बुडवून टाकलीं नाहींत. हा आम्ही त्या सर्व मंडळींचा सर्वांत मोठा गुण समजतों.

या नोंदींचा पहिला मोठा उपयोग केला तो नानाभाई मूस यांनीं. १८९६ सालीं ते वेधशाळेचे पहिले एतद्देशीय संचालक झाले. मुंबईंत विजेची ट्रॅम येणार असें ठरलें, तेव्हां विजेचा प्रवाह शेजारीं वाहूं लागला कीं चुंबकीय वेध फुकट जाणार हें ओळखून त्यांनीं खाडीपलीकडे अलिबागेस नवी वेधशाळा उभी केली. १९०४ पासून दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वाचनें घेतलीं, म्हणजे जुन्या व नव्या जागेच्या आकड्यांची सांगड बसावी. मग कुलाब्याचें चुंबकीय काम बंद केलें. मुंबईची विजेची ट्रॅम १९०७ सालीं सुरू झाली. (मुंबईचें कुलाबें सोडून वेधशाळा गेली ती त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतच, ही गंमत मराठी वाचकांस सांगावयास नको.) मग १९१० सालीं मूस यांनीं १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचें मंथन दोन जाड खंडांत प्रसिद्ध केलें. त्यांतील एक युक्ति विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वादळें दिवसाच्या वाटेल त्या तासास उठतात, म्हणून घड्याळाच्या तासांनीं त्यांची सरासरी काढली तर एकाचा भर दुसऱ्याच्या ओसरतीवर पडून कांहींच उरत नाहीं. मूस यांनीं घड्याळ बाजूस ठेविलें. प्रत्येक वादळ सुरू झालें तो क्षण शून्य तास धरून निरनिराळ्या वादळांचे आकडे एकाखालीं एक मांडले व त्यांची सरासरी काढली. तेव्हां वादळाची स्वतःची चाल अशी एक गोष्ट दिसूं लागली: बल आधीं किंचित् चढतें, मग खोल उतरतें, आणि मग दिवसेंदिवस हळूहळू भरून येतें. हीच कल्पना पुढें सिडने चॅपमन यांनीं वाढविली. साठ वर्षें कारकुनांनीं जें लिहिलें त्यांत ही चाल होतीच. परंतु आकडे कसे मांडावे हें कळेपर्यंत ती कोणास दिसली नाहीं.

चॅपमन यांच्या परंपरेंतील मासाहिसा सुगिउरा यांनीं १९६४ सालीं या चालीचें माप ठरविलें. त्यास डीएसटी निर्देशांक म्हणतात, आणि जपानांतील क्योटो विद्यापीठ तो प्रसिद्ध करतें. त्याची कृति पाहिली तर ती पुन्हां करणग्रंथाच्या वळणाचीच आहे. विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या, पण अगदीं त्यावरही नसलेल्या, पृथ्वीवर चहूंकडे विखुरलेल्या चार वेधशाळांचें क्षितिजसमांतर बल घ्यावें. वर्षानुवर्षें होणारा संथ बदल वजा करावा. शांत दिवसांत सूर्यामुळें जो रोजचा चढउतार होतो तोही वजा करावा. जें उरेल त्याची चोहोंमध्यें सरासरी काढून अक्षांशाचा संस्कार द्यावा. आकडा दर तासास एक. वाचकांनीं हा शेवटला ‘दर तासास एक’ ध्यानांत ठेवावा.

२००३ सालीं अमेरिकेंतील ब्रूस त्सुरुतानी, ब्राझिलांतील वॉल्टर गोन्झालेस, आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील गुरबक्ष लखिना व शोभना ॲलेक्स यांनीं १८५९ च्या वादळाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीं दोन वाटांनीं गणित केलें. ध्रुवीय प्रकाश किती दक्षिणेपर्यंत दिसला यावरून निर्देशांक उणें १,७६० नॅनोटेस्लापर्यंत गेला असावा असें निघालें. आणि कुलाब्याच्या वाचनांतील १,६०० नॅनोटेस्लाची घट त्याच्याशीं जुळती आहे असें त्यांनीं दाखविलें. हा आकडा जगभर गाजला, आणि तसें होणें साहजिक होतें. १३ मार्च १९८९ च्या वादळांत कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत साठ लाख लोक सुमारें नऊ तास अंधारांत होते. त्या वादळाचा निर्देशांक उणें ५८९. मे २०२४ मध्यें लडाखांत हानले येथें आकाश लाल झालेलें सर्वांनीं छायाचित्रांत पाहिलें. त्या वेळीं निर्देशांक उणें ४०० च्या आसपास गेला होता. १८५९ चें वादळ १९८९ च्या तिप्पट होतें असें ठरलें, तर विजेच्या जाळ्यांची, उपग्रहांची, विम्याचीही सगळी आंखणी त्या धास्तीनें करावी लागते.

तीन वर्षांनीं जॉर्ज सिस्को व त्यांचे दोन सहकारी यांनीं एक साधा प्रश्न विचारला. निर्देशांक हा तासाच्या सरासरीचा असतो. मग त्याच्याशीं पांच मिनिटांच्या वाचनाची तुलना कां करावी? त्यांनीं कुलाब्याच्या त्याच वाचनांची तासातासाची सरासरी घेतली, आणि उत्तर सुमारें उणें ८५० निघालें. खोल पण अरुंद खळगा तासाच्या फावड्यानें ओढला कीं अर्धा बुजतो, त्यांतला हा प्रकार. १,७६० म्हणजे १९८९ च्या तिप्पट. ८५० म्हणजे जेमतेम दीडपट. शिवाय आणखी एक शंका निघाली. त्या वेळीं मुंबईंत जवळजवळ माध्यान्ह होती, आणि दिवसा डोक्यावरच्या वातावरणाच्या विद्युद्भारित थरांत जोराचे प्रवाह वाहतात. मग कुलाब्याच्या घटींतील कितीसा भाग सगळ्या पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या वादळी प्रवाहाचा, व किती तेवढ्याच भागांतील स्थानिक प्रवाहाचा? चार वेधशाळांची सरासरी ज्या निर्देशांकाच्या व्याख्येंतच आहे, तो एका वेधशाळेच्या नोंदीवरून काढतांना ही शंका टाळतां येत नाहीं.

आमचें मत विचाराल तर सिस्को यांचा आक्षेप तुलनेपुरता रास्त आहे. शेर व मण एकाच तागडींत घालून चालत नाहीं. परंतु येथें एका गोष्टीचा विसर पडतां कामा नये. तास हें माप निसर्गानें ठरविलेलें नाहीं. तें माणसांनीं हातानें वाचनें घेऊन हातानें गणित करण्याच्या काळांत सोयीचें म्हणून रूढ झालें. क्वेबेकचें वीजजाळें १९८९ सालीं कोसळलें तें दोन मिनिटांच्या आंत. रोहित्रें तासाची सरासरी निघेपर्यंत थांबत नाहींत. बल किती झपाट्यानें बदललें याच्याशींच त्यांचें सुखदुःख बांधलेलें असतें. तेव्हां ८५० हा आकडा दुसऱ्या वादळांशीं तुलना करावयास योग्य, आणि त्या सकाळीं मुंबईच्या जमिनीवर प्रत्यक्ष काय घडलें हें कळावयास १,६०० योग्य. दोन्ही आकडे आपापल्या प्रश्नाचें उत्तर आहेत. घोटाळा होतो तो दोहोंस एकाच नांवानें हांक मारल्यामुळें, आणि आकडा ज्या नियमानें निघाला तो नियम मागें ठेवून नुसता आकडा पुढें धाडल्यामुळें.

हा वाद होऊं शकला तरी कां? कुलाब्याच्या ग्रंथांत पांच मिनिटांचीं वाचनें छापलेलीं होतीं म्हणून. समजा, फर्ग्युसन यांच्या कचेरींत कोणी व्यवस्थित वृत्तीचा मनुष्य असता, आणि त्यानें पानें वाचविण्यासाठीं तासांच्या सरासऱ्याच छापून मूळ टिपणें रद्दींत घातलीं असतीं, तर १,६०० हा आकडा जगांत कोठेंच राहिला नसता. सरासरीवरून वाचनें परत काढतां येत नाहींत. तुपाच्या वर्षाच्या बेरजेवरून दिवाळीच्या आठवड्यांत किती तूप लागलें हें जसें कळत नाहीं, तसेंच. हल्लीं संवेदक सेकंदासेकंदास वाचन घेतात, आज्ञावली त्यांची मिनिटाची किंवा तासाची सरासरी करते, आणि जागा वाचावी म्हणून मूळ वाचनें पुष्कळ ठिकाणीं पुसलीं जातात. आज्ञावली लिहिणाऱ्यास त्या दिवशीं तेवढाच आकडा हवा असतो, आणि त्याची अडचण आम्हांस समजते. पण आपल्या कामास जें लागत नाहीं तें कोणाच्याच कामाचें नाहीं, हें त्यानें परस्पर ठरवूं नये.

२०२२ सालीं हिसाशी हायाकावा व त्यांच्या सोबत्यांनीं तोच १८५९ चा वार्षिक ग्रंथ पुन्हां उघडला. तोंवरच्या सगळ्या वादांत क्षितिजसमांतर बलाचा एकच रकाना सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांनीं त्याच्या शेजारचे रकानेही वाचले: सुई पूर्वपश्चिम किती कलली तो दिक्पाताचा, आणि जमिनीच्या दिशेनें ओढणाऱ्या ऊर्ध्व बलाचा. तिन्ही घटकांचीं तासांचीं व मधलीं वाचनें जुळवून त्यांनीं त्या सकाळचें वादळ नव्यानें मांडलें. हे दोन रकाने १८६० पासून छापलेले होते.